पाल्मिटोच्या माळावरून

ब्राउन्सव्हिल, टेक्सास
१७ मे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

काल इथून वीसेक किलोमीटरवर, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, पाल्मिटो रँचची रणभूमी पाहून आलो. आल्यापासून तुला कधी एकदा लिहितो असं झालंय. तिथे बघण्यासारखं म्हणशील तर काही नाही. खारा वारा, गवत, निवडुंग, मधूनच मातीचे बुटके उंचवटे. पलीकडे रिओ ग्रँड. नदी ओलांडली की मेक्सिको. माहितीची पाटी पाच मिनिटांत वाचून होते. मी तीन तास तिथून हललो नाही.

अमेरिकेच्या यादवी युद्धातली ही शेवटची लढाई. तशी चकमकच, १२ आणि १३ मे १८६५ची. दक्षिणेचा सेनापती जनरल ली, त्यानं व्हर्जिनियात ९ एप्रिललाच शस्त्रं खाली ठेवली होती. इथल्या दक्षिणी सैनिकांनाही ते कळलं होतं; १ मेला नदीतून चाललेल्या बोटीवरच्या एका प्रवाशानं त्यांच्याकडे न्यू ऑर्लीन्सचं वर्तमानपत्र भिरकावलं, त्यात बातमी होती. तरी त्यांचा कर्नल फोर्ड हटला नाही. दक्षिणेचा कापूस याच नदीपलीकडून युरोपला जायचा. (याच युद्धापायी आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरबाजार फुगला आणि १८६५मध्येच कोसळला, ते तुला ठाऊक आहेच.) इकडे मार्चपासून दोन्ही बाजूंत एकमेकांच्या वाटेला न जाण्याचा समझोता होता. तो असताना उत्तरेच्या कर्नल बॅरेटनं चढाईचा हुकूम का दिला, ते मला काही केल्या पटत नाही.

वादळी रात्री ब्राझोस बेटावरून तीनशे माणसं निघाली. त्यातले अडीचशे ६२व्या कृष्णवर्णीय पलटणीचे. १३ मेला पहाटे इंडियानाचे दोनशे गोरे शिपाई येऊन मिळाले. दुपार कलल्यावर फोर्ड घोडदळ आणि तोफा घेऊन चालून आला आणि माघार सुरू झाली. शंभरेक जण पकडले गेले. इंडियानाचा जॉन विल्यम्स पडला, वय बावीस. युद्धात लढताना मेलेला शेवटचा सैनिक म्हणून त्याचंच नाव सांगतात. संपलेल्या युद्धात पोरगं गेलं रे. माघार घेणाऱ्यांची पाठ राखत, सगळ्यांच्या मागे राहून लढत गेली ती ६२वी पलटण.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते. ही पलटण मिझुरीची, बहुतेक जण कालपरवापर्यंत गुलाम. त्यांच्या राज्यात काळ्या माणसाला लिहावाचायला शिकवणं १८४७पासून गुन्हा होता. पलटणीत त्यांना अक्षरं भेटली. या चकमकीत पुढे असलेला लेफ्टनंट कर्नल ब्रॅन्सन, त्यानं हुकूम काढला होता : छावणीत जो पत्ते खेळताना सापडेल, त्याला सगळ्यांना दिसेल अशा जागी पुस्तक हातात देऊन उभं करायचं आणि वाचनाचा मोठासा धडा पाठ करून घ्यायचा. मला ते चित्र डोळ्यांपुढून हलेना. भर उन्हात उभा शिपाई, बंदुकीला सरावलेला हात, आणि अक्षरावर अडखळणारं बोट.

पलटण मोडायची वेळ आली तेव्हा महिना तेरा डॉलर पगाराच्या या माणसांनी मिझुरीत आपल्या लोकांसाठी शाळा काढायची म्हणून पाच हजार डॉलर जमवले. ६५व्या कृष्णवर्णीय पलटणीनंही भर घातली. सप्टेंबर १८६६मध्ये जेफरसन सिटीत शाळा उघडली, मुख्याध्यापक ६२व्या पलटणीतलाच लेफ्टनंट फॉस्टर. आज ती लिंकन विद्यापीठ आहे. रणभूमीवर सगळे विल्यम्सचं नाव घेतात, ते घ्यायलाच हवं. पण इथून परतलेल्यांनी काय केलं, तेही तिथेच सांगायला हवं असं मला फार वाटलं.

जोतीरावांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना. कॉलेजात आपण ते पान एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवायचो. तेव्हा त्या लोकांचे चेहरे माझ्या मनात गोरेच असायचे. काल माळावर उभा असताना ते बदलले.

तुझ्या सातवीच्या पोरांना तो पत्त्यांचा हुकूम नक्की सांग. काय म्हणतात ते कळव. वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा.

तुझा,
अविनाश