सुऱ्यास, ठेंगण्या पुलाखालून

माघ वद्य पंचमी

प्रिय सुऱ्या,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. गणपतीनंतर मी तुला एक फोन केला नाही. तुझे तीन आले, त्यातला एक मी मुद्दाम उचलला नाही, कारण तू सोसायटीच्या पार्किंगचं पुराण लावणार हे मला घंटी वाजतानाच कळलं होतं. माफ कर. माझी साखर आहे तिथे आहे, आईचा गुडघा आहे तिथे आहे. वहिनींचं ऑपरेशन नीट झालं हे रमाकडून कळलं, बरं वाटलं.

आता मुद्द्याचं. तेरवा मी अप्पांना घेऊन ठेंगण्या पुलाखालून गेलो. होडीतून.

हसू नकोस. बायोआत्याकडे जायचं अप्पांनी दिवाळीपासून धरलं होतं. गाडीनं पाऊण तास, पण गाडी मोठ्या पुलावरून जाते, आणि 2016 च्या ऑगस्टात महाडला सावित्रीचा पूल एसट्यांसकट वाहून गेला तेव्हापासून अप्पा पूल आला की डोळे मिटून घेतात. तोंडानं म्हणतात, ऊन लागतं. रात्रीसुद्धा लागतं. तर म्हणाले, आम्ही मुसाकाजी बंदरात बोटीतून पडावात उड्या मारून उतरणारी माणसं, आम्हाला बहिणीकडे जायला डांबर कशाला? बरं म्हटलं. पर्यटकांना फिरवतात त्यातली एक होडी ठरवली, दिवसभराचे दोन हजार. होडीवाला पोरगा बावीस वर्षांचा, आपल्या नाखव्याच्या पायताणाचीही सर नाही, पण गुणी. होडीला पाइपांवर पत्र्याचं छप्पर. हे छप्पर लक्षात ठेव.

आणि वेळ मी काढली. तुला आठवतं ना, अप्पांनी सातवीच्या वर्गात शिकवलेलं? तिथीची पाऊणपट करायची, आली भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. तू कायम पाऊणपटीऐवजी पावपट करायचास आणि भर ओहोटीला चिखलात पोहायला निघायचास. मी मात्र शहाणा. द्वितीया, म्हणजे दीडला भरती. दहाला निघायचं, चढत्या पाण्यावर आरामात वर जायचं, आत्याकडे जेवायचं, अडीचला परत फिरायचं. तोवर पाणी तासभर उतरलेलं, पुलाखाली जागाच जागा. कालनिर्णयावर पेन्सिलीनं लिहूनसुद्धा ठेवलं.

जाताना झकास. पुलाखाली छपराच्या वर पुरुषभर जागा होती. अप्पा गळाबंद स्वेटर घालून नाळेकडे तोंड करून बसलेले, काठावरची प्रत्येक वाडी नावानं सांगत होते. चारातली एक चुकत होती. मी दुरुस्त केलं नाही. आत्याकडे ओल्या काजूची उसळ होती. तुझी आठवण काढली आत्यानं, म्हणजे तू लहानपणी तिच्या माडावरून पडलास ती.

परत आलो तर पूल पाण्यावर बसलेला. पुनवेनंतरचं उधाण, पाणी पुरुषभर चढलेलं आणि उतरायचं नाव नाही. मी घड्याळ बघतोय, पंचांग मनात उलटंपालटं करतोय. अप्पा शांतपणे म्हणाले, "दीड वाजता भरती कुठे? खाडीच्या तोंडाशी. पाण्याला इथवर चालत यायला वेळ नको?" आत तासाभराचा फरक धरायचा असतो म्हणे. हे त्यांनी सकाळी का सांगितलं नाही, तर मी विचारलं नाही.

पोरग्यानं होडी हळूच पुलाखाली नेऊन बघितली. छपराचा पाइप तुळईला चार बोटांनी अडत होता. छप्पर वेल्ड केलेलं, उतरवता येईना. थांबलो असतो, पण त्याला चारला दुसरं गिऱ्हाईक होतं आणि अप्पांना लघवीला लागली होती. त्यांनी ती सोय होडीच्या मागच्या बाजूला, माझ्या खांद्याला धरून, पूर्ण प्रतिष्ठेनं केली. पुलाच्या कठड्यावर बसलेली क्रिकेटची टीम तेवढा वेळ माना फिरवून बसली होती. कोकण अजून सुसंस्कृत आहे, तुझ्या डोंबिवलीत व्हिडिओ निघाला असता.

मग अप्पाच म्हणाले, "छप्पर खाली येत नाही तर होडी खाली न्या." मला कळेना. म्हणाले, "वजन भरा." आणि वर बघून त्यांनी मास्तरी आवाज काढला, अजून तसाच आहे, "ए पोरांनो, सगळे खाली या!" सुऱ्या, सगळी आली. कुणाचा कोण म्हातारा, पण आली. घसरत, लाल मातीच्या पायांनी, एक जण यष्टिरक्षकाचे पॅड बांधून. दहा जणं होडीत, अकरावा म्हणाला मला पाणी लागतं, त्याला वर कप्तान म्हणून ठेवला. एकेक उतरेल तशी होडी बोटबोट बसत गेली. पोरगा घाबरला होता, काठ पाण्याला टेकेल म्हणून. अप्पा फळ्यांवर चक्क आडवे झाले आणि मला म्हणाले वाक. मी त्यांच्याशेजारी गुडघ्यांवर. पोरं बसून हातांनी वरची तुळई ढकलतायत, पाइप घासल्याचा खर्रर्र आवाज, वर वटवाघळांचा वास, आणि अंधार.

तिथे ते बोलले.

माझा हात धरला आणि म्हणाले, "सूर्या, बांबू तू नव्हता सोडलास. मी वरनं बघत होतो."

मी काय सांगतोय ते तुलाच कळेल, म्हणून हे पत्र. रमाला सांगून उपयोग नाही, तिला ती गोष्ट माझ्या बाजूनं माहीत आहे. तुझ्या लग्नात मी ती माइकवर सांगितली. तुझ्या मुलीच्या बारशालाही. सुऱ्यानं बांबू सोडला, होडी खांबाला आडवी लागली, नाखव्याची फळी फुटली. सगळे हसतात, तू पण हसतोस. तू एकदाच, दापोलीच्या खोलीवर, पिऊन म्हणाला होतास, "दिन्या, मी सोडला नव्हता रे," आणि मी म्हटलं होतं, जाऊ दे, किती जुनं झालं. त्यावरून आपण सहा महिने बोललो नव्हतो. अबोल्याचं कारण तू भाड्याचे पैसे सांगायचास, मीही तेच सांगायचो.

ओहोटीचं पाणी पाठीशी होतं. खांबांच्या मधे पाणी अरुंद होतं म्हणून जोर धरतं, आणि पाठचं पाणी असलं की होडी सुकाणाचं ऐकत नाही. बांबू चिखलात रुतला. खेचला असता तर मी पाण्यात गेलो असतो. मी सोडला. तू मागे सुकाणाला होतास, बांबूला तुझा हातसुद्धा लागला नव्हता. नंतर नाखव्यानं विचारलं कुणी सोडला, तेव्हा मी खोटं बोललो नाही, नुसता गप्प बसलो. तू पण गप्प बसलास, आणि अप्पांनी येऊन तुझ्या कानाखाली वाजवली. मग घरी तुझ्या बाबांनी. मला वाटायचं, अप्पांना माहीत नाही. खरं तर हळूहळू मलाही माहीत नव्हतं. इतक्या वेळा सांगितलं की माझ्या डोळ्यांपुढे बांबू तुझ्याच हातात दिसायला लागला.

ते सायकलनं पुलावरून येत होते. वरून सगळं दिसलं त्यांना. मास्तरांचा मुलगा नाखव्यासमोर कसा खोटा पडू द्यायचा, असं असेल. की मला मारलं असतं तर आई जेवली नसती, म्हणून. मी विचारू शकत नाही, कारण घरी आल्यावर मी आडून विषय काढला तर म्हणाले, कुठला पूल?

हल्ली असं होतं. आजी जेवली का, विचारतात. चहात मीठ घातलं एकदा आणि पिऊन टाकलं. रत्नागिरीला दाखवलं, डॉक्टर म्हणाले वयोमान. ताई म्हणते मुंबईला आणा, पण तिच्याकडे अकराव्या मजल्यावर ह्यांना भरती कुठून दिसणार? रात्री उठून पडवीत उभे असतात. मी पण उठतो. दोघं उभे राहतो. कधी कधी मला ओळखतात तेव्हाच जास्त भीती वाटते, कारण मग विचारतात, "मला काय झालंय दिनू?"

पण होडीतलं पुढचं राहिलंच. ते म्हणाले, "आणि तरी तुला मारलं." हात सोडला नव्हता. मला तेव्हा सांगता आलं असतं, अप्पा, मी दिनू. मी म्हटलं, "असू दे मास्तर. कधीच विसरलो मी ते." तुझ्यासारखं, जरा नाकात. तुझ्या वतीनं मी त्यांना माफ करून टाकलं, सुऱ्या. मला काय अधिकार होता? त्यात माझी माफी तर मागायचीच राहिली, ती मी कुणाकडून मिळवू? तू रागावलास तर बरोबर आहे. फक्त अप्पांवर रागावू नकोस. पुलाबाहेर उजेडात आल्यावर ते उठून बसले, पोरांना म्हणाले उतरा आता, बक्षीस म्हणून खिशातले पन्नास रुपये दिले, दहा जणांत. तुझ्या-माझ्या वेळेला तेवढेही दिले नसते.

सईची बारावी कशी चालली आहे? परीक्षेच्या धामधुमीत तुला हे लिहितोय, पण शिमग्याला तू येतोस तेव्हा घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं आणि पालखी नाचवायला तू पळतोस, बोलणं होत नाही. त्याआधी ये. फाल्गुन शुद्ध अष्टमीला ये. भांगाचं पाणी असतं, फार चढत नाही, टीम लागणार नाही. भरती सहाला. म्हणजे आपल्या पुलाशी सातला, हे आता मला पाठ झालंय. होडी त्याच पोराची सांगून ठेवतो.

एकच आहे. अप्पा तुला सुऱ्या म्हणून ओळखतील असं धरून चालू नकोस. मी त्यांना तू वाटलो, तसा तू त्यांना मी वाटशील कदाचित. तसं झालं तर दुरुस्त करू नकोस, आणि ते मला काय म्हणतात ते नीट ऐकून ठेव.

तुझा,
दिनू