गोळी देव्हाऱ्यातच राहू द्या

संपादक महोदय,

बाहेरची बाधा झाली म्हणून एका तरुणाला घरच्यांनी साखळीने बांधून ठेवल्याची बातमी आपल्या अंकात वाचली आणि रात्रभर दादा डोळ्यांसमोर येत राहिला. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. विसाव्या वर्षी आवाज ऐकू येऊ लागले, तेव्हा हा शब्दही आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हता. आवाज मात्र ओळखीचा होता. गावची मरीआई बोलते, असं तो सांगायचा. मग देवऋषी झाला, उतारे झाले, गाणगापूर झालं. तिथे आरतीच्या वेळी खांबाला धरून किंचाळणारी माणसं पाहून आई म्हणाली, "आपल्यावरच आलेलं नाही गं हे." तेवढ्या धीरावर ती कितीतरी दिवस उभी होती.

पहिल्या डॉक्टरांनी "हे खूळ सोडा, मग या" असं सुनावलं. आईने देव सोडला नाही, दवाखाना सोडला. दोन वर्षं गेली. पुढे भेटलेल्या डॉक्टरीणबाईंनी दादाला आधी विचारलं, "मरीआई काय म्हणते? रागावते का?" त्या दिवशी तो पहिल्यांदा मोकळं बोलला. आजही आमच्या देव्हाऱ्यात अंगाऱ्याच्या डबीशेजारी गोळ्यांची पट्टी असते. दिवेलागणीला आई त्याच्या कपाळाला अंगारा लावते आणि लगेच गोळी हातावर ठेवते. तो निमूट घेतो.

साखळीला मात्र माफी नाही. तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या मनोरुग्णांच्या आश्रमाला 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली, तेव्हा साखळ्यांनी जखडलेल्या 28 मनोरुग्णांना पळताही आलं नाही. भूत उतरवायच्या नावाखाली बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं हा आपल्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. पण कायद्याने साखळी सुटली, तरी त्या मुलाला पुढे कुठे न्यायचं हे त्याच्या आईला कोण सांगणार?

गुजरातमध्ये उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात 2008 पासून मुजावरांनाच आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं गेलं. ते दुआ करतात आणि डॉक्टरांकडेही पाठवतात. मग आपल्या यात्रा-जत्रांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक का बसू नये? "अंगारा लाव, आणि डॉक्टरांनाही दाखवून ये," एवढं गुरवाने सांगितलं तरी लोक ऐकतील. तोवर ज्यांच्या घरी दादासारखं कोणी आहे, त्यांनी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

– एक भगिनी, जि. सातारा