मराठवाड्याची पाहुणी, नेपल्सच्या संग्रहालयात

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

केमिस्ट्रीचा पेपर बरा गेल्याचा मावशीचा मेसेज मिळाला. आनंद झाला. जहाजावर नेट धड चालत नाही, आणि आजचं मला नीट सांगायचंय, म्हणून पत्र लिहितोय.

सकाळी नेपल्सला लागलो. इथे जहाज थेट गावातच उभं राहतं. बंदरातून बाहेर पडलं की समोर कास्तेल नुओवो हा काळपट बुरुजांचा किल्ला, आणि मागे वळून पाहिलं की खाडीपलीकडे व्हेसुव्हियस. आई आणि चिऊ सहलीच्या बसने पाँपेईला गेल्या. तिथल्या दगडी रस्त्यांवर आजीचे गुडघे टिकले नसते, म्हणून आम्ही दोघं मेट्रोने पुरातत्त्व संग्रहालयात गेलो. मला तिथे एकच वस्तू पाहायची होती.

ती आहे जेमतेम वीतभर उंचीची, हस्तिदंताची एक बाई. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली पाँपेई गाडलं गेलं, तेव्हा तीही एका घरात गाडली गेली. १९३८ मध्ये अमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात ती सापडली. आधी तिला लक्ष्मी म्हणाले. आता बरेच जण यक्षी मानतात. डोक्यातून खाली आरपार भोक पाडलंय, म्हणजे ती आरशाची मूठ असेल किंवा एखाद्या चौरंगाचा पाय.

आजी काचेला नाक लावून उभी राहिली. मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या, पोटऱ्यांपर्यंत चढलेले तोडे, कंबरेला रुंद मेखला, पाठीवर लांब वेणी. दोन्ही बाजूंना शृंगाराची भांडी घेतलेल्या दोन छोट्या दासी. आजी म्हणाली, "आरं, असलीच हाय की आपल्या तेरला! लामतुऱ्यांच्या म्युझियमात!"

तिचं बरोबर आहे. धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे माझं आजोळ, तिथल्या त्या संग्रहालयात अशीच हस्तिदंती बाई आहे, हिच्याहून लहान. मी लहानपणी तिच्यासमोरून पळत जायचो. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही अशा मूर्ती निघाल्या, त्यावरून पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी पाँपेईची ही बाई भोकरदनची असावी असं मांडलं. हिच्या पायाशी खरोष्ठीतलं एक अक्षर कोरलंय आणि ती लिपी वायव्येकडची, त्यामुळे वाद पूर्ण मिटलेला नाही. मला ढवळीकरांचं पटतं. तेरची मूर्ती पाहिलेल्या कुणालाही पटेल.

आता तिचा प्रवास बघ, तो आपल्या तेरच्या मालासारखाच झाला असणार. सातवाहनांच्या काळात एका ग्रीक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' हे समुद्री व्यापाराच्या वाटा सांगणारं पुस्तक लिहिलं. त्यात आपलं तेर 'तगर' म्हणून येतं. भरूचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि पैठणच्या पूर्वेला तगर आणखी दहा दिवसांवर. तगरचं कापड गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भरूचला न्यायचे. तिथून पुढे मोसमी वाऱ्यावर तांबडा समुद्र, मग उंटांवरून नाईल, नाईलवरून अलेक्झांड्रिया, आणि तिथून भूमध्य समुद्र ओलांडून पोझुओली. हे पोझुओली नेपल्सच्या शेजारीच, पोझिलिपोच्या टेकडीपलीकडे आहे. रोमचा पूर्वेकडचा माल तिथे उतरायचा. कुणीतरी या बाईला कापडात गुंडाळून एवढ्या लांब आणलं, आणि एकही दासी तुटू दिली नाही!

तुला मागे एकदा वाटलं होतं की आपल्या भागात काही घडलंच नाही, सगळा इतिहास दिल्लीचा नाहीतर पुण्याचा. तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. आज त्या काचेसमोर तू शेजारी हवा होतास असं फार वाटलं. आपल्या मराठवाड्यातल्या कारागिरांचा हात इतका सफाईदार होता की रोमी श्रीमंतांनी त्यांचं काम घरात ठेवलं. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत, पण काम समोर आहे.

नंतर वाया तोलेदोवर बसून सफोल्यातेल्ला खाल्ली, पापुद्र्यांची शिंपल्यासारखी खारी. आजीला आतलं रिकोटाचं सारण खव्यासारखं लागलं, तिने दुसरी मागितली. साडेपाचच्या आत जहाजावर परतायचं होतं, म्हणून तिथून निघालो. चिऊ पाँपेईहून दमून आलीय आणि तिथे सापडलेल्या, कोळसा झालेल्या पावांबद्दल एकसारखी बोलतेय.

बारावीचे पेपर संपले की तू आणि मी तेरला जाऊ. संग्रहालय आधी, मग त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ आणि गोरोबाकाकांची समाधी. आजीही येणार म्हणतेय. वाटेत मुक्काम लातूरला आत्याकडे करू, तिला आत्ताच कळवून ठेव. आणि रात्री जागत बसू नकोस, पहाटे उठून अभ्यास कर.

तुझा,
बाबा