दांडिया बाजारातल्या काकूंना

ती. काकूंस सा. न.

परवा तुमच्या गल्लीतले शेवटचे नमुने आणले. रात्री आभार मानायला फोन केला, तर तुम्ही "जेवलीस का?" विचारून विषयच संपवलात. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. तुम्ही काय केलंत ते बडोद्यातल्या आपल्या माणसांना कळायला हवं.

मधुमेह असलेल्यांच्या तोंडातले जिवाणू हा माझा विषय. त्यासाठी लाळ हवी, सकाळी उठल्याबरोबर, दात घासण्याआधी, चहाआधी. थुंकायचं नाही, मान खाली घालून नळीत आपोआप ओघळू द्यायची. पहिल्या दिवशी हे ऐकून तीन दारं बंद झाली. उष्टं-खरकटं पाळणाऱ्या घरांत अनोळखी मुलीनं लाळ मागावी, हे कुणाला रुचणार? तुम्ही ओट्यावर बसून सगळ्यांसमोर आधी स्वतःची नळी भरलीत. "रक्त देता ना तपासायला? मग हिला लाळ द्या," एवढंच म्हणालात. त्यानंतर दर रविवारी साडेसहाला तुम्ही पुढे, मी मागे. बर्फही तुमच्याच फ्रीजमधला. तो नसता तर नळीतच जिवाणू वाढत राहिले असते आणि कुठला किती, याचा हिशेबच चुकला असता.

सूक्ष्मदर्शकातून जिवाणू पाहणाऱ्या डच लेवेनहुकनं १६८३ साली दातांवरच्या कीटणातले जीव पाहिले, तेव्हा त्यालाही दुसऱ्यांकडे मागावं लागलं होतं. कधीच दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याचं कीटणही त्यानं तपासलं. त्या म्हाताऱ्याला कुणी राजी केलं असेल, हा विचार मला हल्ली फार येतो.

तुम्ही एकदा विचारलंत, "साखर वाढली म्हणून हिरड्या सुजतात, की हिरड्या सुजल्या म्हणून साखर उतरत नाही?" काकू, दोन्ही खरं आहे. साखर चढी राहिली की हिरड्यांचा आजार बळावतो, आणि त्या सुजेतले पदार्थ रक्तात उतरून इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. पण हिरड्यांवर उपचार घेतलेत का, हा रकानाच माझ्या कागदावर नव्हता. तो तुमच्यामुळे आला. आधीच्या अकरा घरी पुन्हा जावं लागलं, आणि गुडघे दुखत असताना तुम्ही प्रत्येक जिना चढलात.

समोरच्या आजोबांनी विचारलं होतं, तोंडातल्या जंतूनं कॅन्सर होतो का? फ्युझोबॅक्टेरियम हा तोंडातला जिवाणू मोठ्या आतड्याच्या गाठींत सापडल्याचं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं, पण सापडला म्हणजे त्यानंच रोग केला असं होत नाही, हे मला नीट सांगता येईना. तुम्ही सांगितलंत, "चोरी झाली तिथे दिसला, म्हणून तोच चोर ठरत नाही. चौकशी करावी लागते." आजोबांना पटलं. माझ्या प्रबंधात हे इतकं सरळ लिहिता आलं तर बरं होईल.

तुमची पहिली नळी किंचित गुलाबी होती. हिरड्यांतून रक्त येत होतं, आणि तरी तुम्ही दुसऱ्यांच्याच दारी फिरत राहिलात. गुरुवारी दातांच्या दवाखान्यात मी तुमच्याबरोबर येणार आहे. नऊला खाली येते. चहा घेऊनच निघू, आता आधी प्यायला हरकत नाही.

तुमची,
नळ्या घेऊन येणारी