गणपतीत काच चढवायची नाही

मनोरी, मुंबई
वटपौर्णिमा

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, गणपतीला दहा दिवस रजा टाकते, दुसरी होडी उभी करून तिला काचही चढवून टाकू." मी लगेच हो म्हणालो, कारण तू येणार एवढंच माझ्या कानात शिरलं. मग पडवीत गेलो. मागचं दार फुगलंय, दोन दिवस खांदा लावून उघडतोय. ते पाहिलं आणि लिहायला बसलो. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस.

सई, गणपतीत काच नाही चढवायची. काचेचं कापड रेझिनने लाकडावर बसवायचे हे दिवसच नव्हेत.

दाराचं होतं तेच, एकीला एक चिकटवून आपण होडी करतो त्या पाइनच्या पट्ट्यांचं होतं. पाइन हवेतला ओलावा पितं आणि रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. पट्टी 19 मिलिमीटर रुंद, 6 मिलिमीटर जाड. एका बाजूला अशा पस्तीसेक लागतात. एकेकीचं फुगणं दिसतसुद्धा नाही, पण पस्तीस जणींचं मिळून बरंच होतं. पावसाळ्यात बसवल्या की जानेवारीत सांध्यांत नख जाईल एवढी फट पडते.

आणि रेझिनचं तर तुला माहीतच आहे. तू नववीत होतीस. नारळी पौर्णिमेला सगळ्यांच्या होड्या पाण्यात जाणार, आपलीही जावी असा मी हट्ट धरला. जुलै संपत आलेला, बाहेर धो धो. संध्याकाळी पहिला हात दिला. सकाळी पाहिलं तर कापड लाकडावर छान बसलेलं, पण अंगठा फिरवला की ताटाला तूप राहावं तसं बुळबुळीत. मला वाटलं, दमटपणा असेल. कोरड्या फडक्याने पुसलं आणि दुसरा हात मारला. चौथ्या दिवशी तो थर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा सुटून आला.

कारण मला नंतर कळलं. रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरमधलं अमाइन हे रसायन हवेतल्या बाष्पाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळतं आणि वर मेणासारखा पापुद्रा धरतं. तो पाण्यात विरघळतो. साध्या पाण्याने भांड्याच्या घासणीने धुतला असता, वाळवून पॉलिश पेपर मारला असता, तर काही बिघडलं नसतं. मी तो आत कोंडला. पुढे तीन रविवार तू पत्र्याच्या तुकड्याने खरवडत बसलीस, एकदाही कुरकुरली नाहीस. ते मला अजून लागतं. चूक माझ्या घाईची, आणि तुझी सहामाही तोंडावर होती.

आपल्या गावात या दिवसांत कुणी घाई करत नाही, हे तरी मला दिसायला हवं होतं. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, झावळ्यांनी आणि ताडपत्रीने झाकलेल्या. समोरचे तांडेल आजोबा आपल्या होडीपाशी रोज येऊन उभे राहायचे, आठवतं? पठाण म्हणजे तळाचा जाड वासा नाही, आत फासळ्या नाहीत, सांध्यात कापूस ठोकलेला नाही, मग हिला ताकद कशाची, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं आयुष्य जाड फळ्यांच्या होड्यांवर गेलेलं. मी त्यांना उरलेला तुकडा दिला, दोन्हीकडून काच लावलेला. त्यांनी तो गुडघ्यावर वाकवून पाहिला, वाकला नाही. नुसती पट्टी मात्र कुडकन मोडली. लाकडाचं काम दोन कातड्यांना एकमेकींपासून दूर धरून ठेवायचं. बाहेरची एक काच, आतली एक, चौरस मीटरला 200 ग्रॅमचं कापड. म्हणून तर 16 फुटांची होडी मासळीच्या काट्यावर 29 किलो भरली. सागाची केली असती तर आणखी जड झाली असती. साग घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास जातो. कॅनडात ज्याच्या करतात तो लाल सीडार पावणेचारशेच्या. तो आपल्याला परवडत नाही, पण रे रोडला सरळ रेषांचा, गाठी नसलेला पाइन निवडून घेतला तर चांगलं निभतं. मी चार वखारी फिरलो या वेळी. टेम्पो उत्तनवरून आला, पट्ट्या आता माळ्यावर आडव्या, हवा खेळेल अशा रचल्यात.

तुला एक सांगायचं राहून गेलंय. पहिल्या होडीची शेवटची पट्टी तू बसवलीस. तळाच्या मधोमध लांबट फट उरलेली, दोन्ही टोकांना सुईसारखी निमुळती. मी दोनदा कापली, दोनदा हुकली. मग तू रंधा घेतलास. दोन हात मारायचीस, ठेवून बघायचीस, पुन्हा दोन हात. ढलप्या इतक्या पातळ की तुझ्या केसांत अडकल्या, त्याही उजेडात आरपार दिसत होत्या. सव्वा तास लागला. शेवटी तळव्याने दाबलीस आणि ती बसली, गोंद दोन्हीकडून एकसारखा बाहेर आला. मी तेव्हा "ठीक" एवढंच म्हणालो. माझ्याने ते काम झालं नसतं.

म्हणून दुसरी होडी तुझ्या हाताने व्हावी असं मला वाटतं. राउटरने, म्हणजे खाचा पाडायच्या यंत्राने, पट्टीच्या एका कडेला गोल आणि दुसरीला खोबण पाडून घेता येते, काम झरझर होतं. पण होडीचा आकार धरणाऱ्या प्रत्येक साच्यावर कडेचा कोन बदलतो, तो रंध्याने घेत जाण्यात हात तयार होतो. मला तीच रीत आवडते. तू ठरव.

तर गणपतीत हे करू. 12 मिलिमीटर प्लायचे 15 साचे कापायचे, खालच्या लांब, सरळ तुळईवर फूट-फूट अंतराने उभे करायचे, मधून दोरा ताणून एका रेषेत आणायचे. त्यात अर्धा मिलिमीटर चुकला तर पुढे शंभर ठिकाणी दिसतो, आणि त्याला पावसाची अडचण नाही. नाळेच्या, म्हणजे होडीच्या टोकाच्या, चिपा वाफवून वाकवून ठेवू. एक वल्हं करू, आईच्या मापाचं. या खेपेला तिला पुढे बसायचंय. पट्ट्या दसऱ्यानंतर. काच संक्रांतीच्या सुमारास, तीही दुपारचं ऊन पडवीतून सरल्यावर. सकाळी लाकूड तापत जातं, आतली हवा फुगते आणि रेझिनमध्ये बुडबुडे धरतात. संध्याकाळी लाकूड निवत असतं, ते रेझिन आत ओढून घेतं.

येताना नायट्राइलच्या हातमोज्यांची पेटी आण, तुझ्या मापाची. माझ्या मनगटावर रेझिनचं पुरळ अजून उठतं, एकदा अंगाला बाधलं की जन्माचं. मोज्यांशिवाय तुला डब्याला हात लावू देणार नाही. घासताना मास्कही हवा.

मार्वेहून शेवटची फेरी गाठता येईल अशी निघ. मी धक्क्यावर असेन.

तुझा,
बाबा