सूचना : घरातील व्यक्तीच्या निधनानंतरची कागदपत्रे

सर्व सभासदांना नमस्कार. सदनिका वारसांच्या नावे करण्याचे अर्ज अपुरे येत आहेत, म्हणून ही आठवण.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. संस्था त्यांना तात्पुरते सभासद करून घेते. मालकी मृत्युपत्रानुसार, ते नसल्यास वारसा कायद्यानुसार ठरते. कंपन्यांच्या शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच सांगितले. हिंदू कुटुंबात मृत मुलाची आई आणि मृत वडिलांच्या विवाहित मुलीही वारस असतात. ‘लग्नात सगळं दिलं’ हे कारण कायद्यात बसत नाही. बहीण स्वखुशीने हिस्सा सोडणार असेल तरी हक्कसोडपत्राची दुय्यम निबंधकांकडे नोंदणी हवी. नुसते नोटरी केलेले चालणार नाही. यावरूनच सर्वाधिक अर्ज अडतात.

दिवंगतांच्या एटीएम कार्डाने पैसे काढू नका, अंत्यविधीच्या खर्चासाठीही नको. आधी बँकेला कळवा. मृत्यूच्या दिवसापर्यंतच्या करपात्र उत्पन्नाचे विवरणपत्र वारसाने भरायचे असते, हे हमखास राहून जाते. गावी शेती असल्यास तलाठ्याकडे तीन महिन्यांत वारस नोंदीसाठी कळवावे.

मृत्यू दाखल्याच्या प्रती जास्तच घ्या, प्रत्येक ठिकाणी मागतात. अर्जाचे नमुने संस्थेच्या कार्यालयात मिळतील.

– सचिव