फ्रिजवरचं पाकीट

आई, बाबा,

फोन केला की बाबा तुम्ही "बरं आहे, ठेवतो" म्हणून मोकळे होता आणि आई रडायला लागते, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं.

आई म्हणाली परवा कोणतरी पेढे घेऊन आला होता, पोराची गाडी ठाण्यात जमा आहे, साहेब तुमचा एक फोन गेला तर काम होईल म्हणे, आणि जाताना पाकीट ठेवून गेला. तुम्ही "उचल ते" म्हणाला नाही आणि हातही लावला नाही, ते तसंच फ्रिजवर बीपीच्या गोळ्यांच्या डब्याखाली पडलंय. खिशात घातलं असतं तरी मला एवढं लागलं नसतं बाबा, कारण मला माहितीय तुम्हाला त्या "साहेब"चं बरं वाटलं असणार. जेलमधून सुटून आल्यापासून पहिल्यांदा कुणी साहेब म्हणालं. जुने स्टाफवाले सात रस्ता चौकात समोर आले की मोबाईलमध्ये डोकं घालतात, तुम्ही सांगत नाही पण आईला दिसतं की.

आता नोकरीतच नाही तर काय होतंय असं वाटत असेल तर तसं नाहीये. २०१८ ला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात कलम ७-अ आलं, ओळखीवर काम करून देतो म्हणून पैसे घेणारा मधला माणूसपण त्यात येतो, नोकरीत असो नसो, ३ ते ७ वर्षं. तुम्हाला कलमं मी सांगायची म्हणजे कमालच आहे. पण तुमच्या लाचेच्या केसचा पंचनामा मी तीनदा वाचलाय, सापळ्यातल्या नोटांची पावडर हाताला लागलीय का बघायला हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले आणि पाणी गुलाबी झालं, तिथं आले की पुढं वाचवत नाही. माझी स्कूटी त्याच वर्षीची. पगारात कशी बसली, मीही कधी विचारलं नाही.

आई, येरवड्याला मुलाखतीला जायला तू सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरायचीस, काचेपलीकडं थोडा वेळ बोलायला अख्खा दिवस. गाडीला नाव कुणाचं, तर १२ जानेवारी १९३१ ला त्याच येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या सोलापूरच्या चौघांचं. त्या गाडीत तुझ्याशेजारी बसायची मला लाज वाटायची, तुला कधी बोलले नाही.

पेन्शन गेली ती गेली. आई शाळेचे युनिफॉर्म शिवते आणि बाबा तुम्ही बटणं लावता, मागच्या वेळी बघितलं मी, चष्मा नाकावर, दोरा दातानं तोडत, एक बटण वाकडं लागलं तर उसवून परत लावलंत. लई बरं वाटलं बघून. त्यावर घर चालत नाही हे कळतं मला, मी पाठवते ते घेताना अवघडू नका.

ते पाकीट परत द्या. आईला पाठवू नका, स्वतः जा.

शनिवारी येतेय. हुतात्मा रात्रीच पोचते, स्टेशनवर तुम्हीच या बाबा, त्या वेळी ओळखीचं फारसं कुणी नसतं.

तुमची सोनी